रुमालाखालचा भाव आणि पडद्यावरचं बटण

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवाराला सगळे ‘वाशी मार्केट’ म्हणतात, पण टपालाचा पत्ता बघितला तर त्यात तुर्भे लिहिलेलं सापडतं. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच घाऊक बाजार इथे शेजारी शेजारी आहेत. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट अशा दाटीच्या जागांमधून हा व्यापार 1980 आणि 1990च्या दशकांत टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून आला. मार्चपासून मे अखेरपर्यंत यातल्या फळबाजारावर हापूसचं राज्य असतं. देवगड, रत्नागिरीकडून रात्रभर धावलेल्या गाड्या रिकाम्या होतात, माथाडी कामगार पेट्यांच्या थप्प्या लावतात आणि गाळ्यापुढे भाव ठरायला लागतात.

भाव ठरवण्याची इथली जी जुनी रीत आहे, ती नीट पाहण्यासारखी आहे. आडत्या एक पेटी उघडून वरचा पेंढा बाजूला करतो. खरेदीदार एखादं फळ हातात घेतो, देठाशी बघतो, हुंगतो. मग दोघं हात पुढे करतात, हातात हात जातात आणि वर रुमाल पडतो. रुमालाखाली बोटं धरली जातात. किती बोटं धरली त्यावर आकडा ठरतो. तो शेकड्यातला की हजारातला, हे दोघांनाही मालाकडे बघूनच ठाऊक असतं. आडत्या नकारार्थी मान हलवतो, पुन्हा बोटं दाबली जातात. भोवती माणसांचा गराडा असला तरी त्यातल्या एकालाही आकडा कळत नाही. सौदा जुळतो नाहीतर फिसकटतो, आणि आडत्या पुढच्या खरेदीदाराचा हात हातात घेतो.

आता हा रुमाल एखाद्या यंत्राच्या दर्शनी भागासारखा तपासून बघा. बोलावं लागत नाही, त्यामुळे मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्यांना सारखाच वापरता येतो. हमालांच्या आरोळ्या आणि गाड्यांचे भोंगे यांत आवाज चढवावा लागत नाही. अंधारात चालतो. चुकीचा आकडा दाबला गेला तर लगेच दुरुस्त करता येतो. उत्तर त्याच क्षणी मिळतं. शिकायला दोन-चार दिवस लागत असतील, पण एकदा हाताला सवय झाली की आयुष्यभर विसरत नाही. हाताळायला सोपं, जलद, बिनचूक आणि खासगी, या चारही कसोट्यांवर रुमालाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

पण ज्याच्या कलमांवर हा आंबा पिकला तो बागायतदार या सगळ्यात कुठेच नाही. तो शेकडो किलोमीटर दूर आपल्या बागेत पुढची तोड काढतो आहे. त्याच्या वर्षभराच्या कष्टांचं मोल रुमालाखाली ठरलं, आणि ते बघायला, ऐकायला त्याचं असं कुणी नव्हतं. किती खरेदीदारांनी बोली लावली, सर्वांत वरची बोली किती होती, शेजारच्या गाळ्यावर तशाच पेटीला काय मिळालं, यातलं काहीही त्याला पडताळून बघता येत नाही. आडत्या प्रामाणिक असला तरी ते प्रामाणिकपण शेतकऱ्याला दिसण्याची सोय नाही. हात हातात घेणाऱ्या दोघांसाठी रुमाल उत्तम आहे. तिसऱ्यासाठी तो नुसता पडदा आहे.

युजर इंटरफेस आणि युजर एक्स्पिरियन्स, म्हणजे यूआय आणि यूएक्स, यांतलं अंतर समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. माणसाची आणि व्यवस्थेची जिथे प्रत्यक्ष गाठ पडते ती जागा म्हणजे इंटरफेस: बटण, पडदा, खिडकी, फॉर्म, आवाज, रुमाल. आणि काम मनात आल्यापासून ते निस्तरेपर्यंत त्या माणसाला जे जे शोधावं, समजून घ्यावं, सोसावं, विश्वासावर सोडावं लागलं, तो सगळा मिळून एक्स्पिरियन्स. इंटरफेस हा अनुभवाचा एक भाग असतो, मोठा भाग असतो, पण भागच असतो. आणि अनुभवाबद्दल बोलताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो, जो इंटरफेस तपासताना पुष्कळदा राहून जातो: अनुभव कुणाचा?

‘युजर एक्स्पिरियन्स’ हे शब्द रूढ झाले ते डोनाल्ड नॉर्मन यांच्यामुळे. मूळचे मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेले नॉर्मन 1993 साली अ‍ॅपलमध्ये गेले आणि आपल्या हुद्द्यातच त्यांनी हे शब्द घालून घेतले. इंटरफेस, वापरसुलभता हे शब्द त्यांना अपुरे वाटत होते. वस्तूचा आकार, पडद्यावरची चित्रं, हाताची हालचाल, सोबतचं माहितीपुस्तक अशा सगळ्यांचा माणसाच्या बाजूने एकत्र विचार व्हावा, ही त्यांची धडपड होती. त्याआधी 1988 साली त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात दरवाजे, शेगडीच्या कळा, नळ अशाच गोष्टी मुख्यतः आहेत. या विषयाचा जन्म कॉम्प्युटरच्या पडद्यावर झालेला नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं. तुर्भ्याच्या बाजारात तो शोधायला गेलो तर आपण आडवाटेला लागलेलो नाही.

बाजारातल्या दुसऱ्या एका इंटरफेसकडे वळू. सौदा झाल्यावर शेतकऱ्याला जो हिशेबाचा कागद येतो त्याला ‘पट्टी’ म्हणतात. पूर्वी ती गाडीवाल्याबरोबर किंवा टपालाने यायची, आता पुष्कळदा तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. किती नग, काय दर, एकूण रक्कम. मग त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई असे खर्च वजा. खाली निव्वळ रक्कम. पट्टीवर छापील रकाने असतात, गाळ्याचं नाव ठळक असतं, देवाचं चित्र असतं. आकडे पेनाने भरलेले, बरेचदा कार्बनच्या दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे फिकट. फोनवर फोटो मोठा करून बघताना वजावटीच्या ओळीतला तीन की आठ हे कळत नाही.

समजा एखाद्या होतकरू डिझायनरने ही पट्टी सुधारायची ठरवली. अक्षरं स्वच्छ केली, आकडे उजवीकडे एका रेषेत आणले, वजावट वेगळ्या रंगात दाखवली, निव्वळ रक्कम मोठी केली. हे यूआयचं काम झालं आणि ते करण्याजोगंच आहे. पण ती पट्टी हातात पडल्यावर शेतकऱ्याच्या मनात उठणारे प्रश्न वेगळे असतात. माझ्या चाळीस पेट्यांना एकच दर कसा, मी तर तीन प्रतींचा माल पाठवला होता? हमाली गेल्या खेपेपेक्षा जास्त का? पैसे कधी येणार? या प्रश्नांची उत्तरं देणारी पट्टी बनवायची तर माल उतरताना प्रतवारीची नोंद व्हावी लागते, दर लागताना तो त्या नोंदीशी जोडला जावा लागतो, रक्कम देण्याची तारीख ठरवावी लागते. म्हणजे पट्टीच्या आधी आणि नंतर जे घडतं त्यात हात घालावा लागतो. हे यूएक्सचं काम, आणि ते कागदावर कमी, गाळ्यावर जास्त करावं लागतं.

ही जाण आपल्याकडे कायद्याच्या रूपाने फार पूर्वी आली. विदर्भातल्या कारंज्याला 1886 साली कापसाचा देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे महाराष्ट्राने 1963 साली बाजार समित्यांचा कायदा केला, त्यात उघड लिलावाची अपेक्षा आहे. 2016च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा पट्टीवरची एक ओळच गळाली. कुठल्याही डिझायनरने पट्टीचा कागद बदलून जे साधलं नसतं, ते एका निर्णयाने साधलं. अनुभव सुधारण्याची हत्यारं पुष्कळदा डिझाइनच्या खोलीबाहेर असतात, आणि यूएक्सवाल्याने ती ओळखली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

त्याच वर्षी, 14 एप्रिल 2016 रोजी केंद्र सरकारने ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजारव्यवस्था सुरू केली. बोली पडद्यावर, सगळ्यांना खुली. रुमालाला सरळ पर्याय. पण नुसता बोलीचा पडदा उत्तम करून भागत नाही. पडद्यावर बोली लावणाऱ्याने माल हातात घेतलेला नसतो. त्याला मालाच्या प्रतीचा दाखला हवा, त्यासाठी तपासणीची प्रयोगशाळा हवी, त्या दाखल्यावर विश्वास हवा. रुमालाच्या पद्धतीत हुंगणं, दाबून बघणं, देठ पाहणं हे सगळं अंतर्भूत होतं. ते काढून घेतलं तर त्याची जागा भरून द्यावी लागते. जुन्या पद्धतीत लोकांना नेमकं काय मिळत होतं याचा शोध न घेता नवी पद्धत आणली की पडदा कितीही देखणा असो, माणसं गुपचूप जुन्याकडे वळतात.

एवढं वाचून कुणाला वाटेल की इंटरफेस हे वरवरचं, रंगसफेदीचं काम आहे. तसं मुळीच नाही. ते फार बारकाव्याचं काम आहे आणि मराठीत तर अधिकच. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणात मराठी शब्द बसवला की वरचा रफार नाहीतर खालचा उकार कापला जातो. दोन ओळींमधली जागा वाढवावी लागते, अक्षराचा आकार चढवावा लागतो, मग त्याच पडद्यावर मजकूर मावेनासा होतो आणि काय ठेवायचं, काय गाळायचं याचा विचार पहिल्यापासून करावा लागतो. पडद्यावरच्या देवनागरीसाठी आपल्याकडे आयुष्य वेचणारी माणसं झाली. विंडोजवरचा ‘मंगल’ हा फाँट घडवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी हे त्यांतलं मोठं नाव. पवईच्या आयआयटीत 1969 साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीत, ते शिकवत असत. त्याच आयडीसीत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड बनवला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्राकार उमलते. मराठी मूल ज्या क्रमाने अक्षरं शिकतं, त्याच्याशी ही मांडणी जुळते.

मोजमापंही या कामात असतात. बोटाने दाबायचं बटण साधारण नऊ मिलिमीटरपेक्षा लहान नसावं, असं गूगलच्या मार्गदर्शिकेतल्या मापांवरून निघतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान 4.5 ला 1 असावं, हा वेबसाठीचा सर्वमान्य दंडक आहे. लक्ष्य जेवढं लहान आणि दूर तेवढा तिथे पोचायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांनी 1954 सालीच सूत्रात मांडून ठेवलं. पण हीच मोजमापं घेऊन कांदा-बटाटा बाजारात उभं राहा. बोटांना बटाट्याची माती लागलेली, काचेला तडा गेलेला, डोक्यावर ऊन, एका हातात वही. इथे नऊ मिलिमीटरचं बटण पुरत नाही. फिकट करड्या रंगाची अक्षरं, जी वातानुकूलित कचेरीत तरल आणि सुंदर दिसतात, ती इथे दिसतच नाहीत. इंटरफेसचा कारागीर आणि अनुभवाचा अभ्यासक यांना एकमेकांची गरज पडते ती अशा ठिकाणी. माप कुठून घ्यायचं हे दुसरा सांगतो, ते माप कसं बसवायचं हे पहिल्याला येतं.

आता बाजारातून बाहेर पडून तुर्भे स्टोअरच्या रस्त्यावर एखाद्या भाजीच्या गाडीपाशी थांबू. 2016च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांतच गाडीगाडीवर क्यूआरचा चौकोन टांगला गेला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सगळं सुरेख: चौकोनावर कॅमेरा धरा, आकडा टाका, पिन टाका, हिरवी खूण येते. पण गाडीवरच्या मावशींचे हात ओले, एकीला कोथिंबीर बांधून देताहेत, दुसऱ्याला सुट्टे परत करताहेत, फोन पिशवीत खाली आहे. गिऱ्हाईक फोनचा पडदा त्यांच्यापुढे धरून म्हणतं, “मावशी, पाठवले हो.” हिरवी खूण दिसते. ती आजची की कालची, खरी की नुसतं चित्र, हे गर्दीत कोण बघणार? खोटे पडदे दाखवून फसवणुकीचे प्रकार घडायला लागले ते यातूनच.

इथे फरक दोन वाक्यांचा आहे. गिऱ्हाइकाचा पडदा सांगतो, पैसे पाठवले. मावशींना कळायला हवं, पैसे पोचले. या दोहोंमधलं अंतर किती महागात पडू शकतं याचा एक भयंकर दाखला इतिहासात आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 रोजी दाब कमी करणारी एक झडप उघडी राहून गेली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझलेला होता. झडप बंद करण्याचा आदेश गेला, एवढंच तो दिवा सांगत होता. झडप खरोखर बंद झाली की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असं धरलं, थंडाव्यासाठीचं पाणी तिच्यातून निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. अशा नियंत्रण कक्षांचा पुढे ज्यांनी अभ्यास केला त्यांत डोनाल्ड नॉर्मनही होते. दिव्याची जागा, रंग, आकार यांत खोट नव्हती. खोट होती ती दिवा काय सांगतो आणि माणसाला काय हवं आहे, यांचा मेळ न बसण्यात.

मावशींच्या गाडीवर हा मेळ बसवला तो एका छोट्या डब्याने. क्यूआरच्या मागे सिमकार्ड घातलेला स्पीकर, ज्याला सगळे साउंडबॉक्स म्हणतात. पैसे खात्यात आले की तो मराठीत मोठ्याने आकडा सांगतो. मावशींना मान वर करावी लागत नाही, हात पुसावे लागत नाहीत, वाचता येत नसलं तरी अडत नाही. गिऱ्हाईकही ऐकतं, रांगेतला पुढचाही ऐकतो, आणि “आले का?” हा प्रश्न संपतो. या डब्याला पडदा असेलच असं नाही, असला तरी नावापुरता. दृश्य इंटरफेस म्हणून त्यात बघण्यासारखं जवळपास काही नाही. तरीही गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या व्यापाराचा अनुभव इतका पालटवणारी दुसरी वस्तू मला दिसत नाही. ती बनवणाऱ्यांनी अ‍ॅपचा पडदा आणखी सुबक करण्यात वेळ घालवला नाही. पैसे घेणारी बाई त्या क्षणी कशी उभी असते, हे त्यांनी पाहिलं.

तुर्भे रेल्वे स्थानकावर वेगळाच पेच आहे. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग 9 नोव्हेंबर 2004 रोजी सुरू झाला. ठाण्याहून निघालेल्या सगळ्या गाड्या ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्यापर्यंत एकाच वाटेने येतात. तुर्भ्यापुढे फाटा फुटतो: एक वाट सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगर, नेरूळकडून पनवेलकडे. ठाण्याच्या फलाटावरचा इंडिकेटर शेवटच्या स्थानकाचं नाव दाखवतो, किती मिनिटांत येणार ते दाखवतो, अक्षरं लांबून दिसतात. रोजच्या प्रवाशाला एवढं पुरतं. पण ज्याला पहिल्यांदाच जुईनगरला जायचं आहे त्याने ‘वाशी’ वाचून काय ठरवावं? त्याच्या डोक्यात फाट्याचा नकाशा नाही. तो वाशीच्या गाडीत चढतो, गाडी सानपाड्याला लागल्यावर चूक उमगते, आणि तिथे उतरून पनवेलकडे जाणारी दुसरी गाडी पकडायची. इंडिकेटरने एकही चुकीचं अक्षर दाखवलेलं नसतं. गाडी कुठे संपते हे तो सांगतो. माणसाला विचारायचं असतं की मला हव्या त्या ठिकाणी ती जाते का.

तिकिटाच्या अ‍ॅपची गोष्ट आणखी बोलकी आहे. रेल्वेचं ‘यूटीएस’ अ‍ॅप मुंबईत 2014 साली आलं. पडदा साधा होता, पण त्यात एक नियम गोवलेला होता: बिनकागदी तिकीट रुळांच्या आणि स्थानकाच्या हद्दीबाहेर असतानाच काढता येईल. समोर तिकीट तपासनीस दिसल्यावर कुणी घाईघाईने तिकीट काढू नये म्हणून हे कुंपण. रेल्वेच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. पण प्रवाशाला तिकिटाची आठवण होते ती स्थानकात पाऊल टाकल्यावरच. अ‍ॅप म्हणतं, तुम्ही फार जवळ आहात. मग माणूस जिना उतरून रस्त्यावर जातो, फोन वर धरून जीपीएसची वाट बघतो, आणि डोक्यावरून त्याची गाडी निघून जाते. यावर उतारा म्हणून स्थानकात क्यूआर लावले, तो स्कॅन करून आतही तिकीट निघू लागलं. तेव्हा काहींनी त्या क्यूआरचा फोटोच जवळ ठेवून धावत्या गाडीत तिकीट काढायची पळवाट शोधली. एका टोकाची गाठ सोडवली की दुसऱ्या टोकाला पीळ बसतो, आणि तो बटणाचा रंग बदलून सुटत नाही. जुलै 2025 मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ हे सगळ्या सेवा एकत्र करणारं नवं अ‍ॅप आणलं. त्याची परीक्षाही अखेर फलाटावरच व्हायची आहे.

दोन्ही अंगं एकत्र जमून आलेलं एक काम पवईत झालेलं आहे, आणि ते देशातल्या बहुतेक प्रौढ माणसांनी हाताळलेलं आहे. मतदानयंत्राचा पहिला वापर 1982 साली केरळातल्या परूर इथे झाला. न्यायालयाने तो कायद्यात बसत नाही म्हणून 1984 साली अमान्य केला; मग 1989 साली कायद्यात दुरुस्ती झाली. याच सुमारास आयडीसीचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी यंत्राचं बाह्यरूप आणि वापराची मांडणी घडवली. मतदाराला दिसतो तो भाग किती थोडका आहे: उमेदवाराचं नाव, चिन्ह, शेजारी निळं बटण, एक लाल दिवा. वाचता येत नसेल त्याला चिन्ह आहे. एका यंत्रावर सोळाच बटणं, उमेदवार वाढले तर शेजारी दुसरं यंत्र. हा झाला इंटरफेस.

पण यंत्राचा दुसरा भाग, कंट्रोल युनिट, मतदाराला हाताळायचा नसतोच. तो केंद्रावरच्या अधिकाऱ्यापुढे असतो. त्याने बटण दाबून परवानगी दिल्याशिवाय मतदाराचं यंत्र जागं होत नाही, आणि एक मत पडलं की पुन्हा झोपतं. मत पडल्यावर जो लांब ‘बीप’ वाजतो तो खोलीतल्या प्रत्येकासाठी आहे. मतदाराला कळतं की मत नोंदलं गेलं, अधिकाऱ्याला कळतं की पुढचा माणूस सोडता येईल, निरनिराळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना कळतं की एका माणसाने एकच मत दिलं. कुणाला दिलं, ते मात्र कुणालाच कळत नाही. पुढे चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट जोडलं गेलं, तेव्हा सात सेकंद काचेमागे ती चिठ्ठी दिसू लागली, कारण ‘माझं मत मी दिलं तिथेच गेलं का’ ही शंका बीपने भागत नव्हती. मतदार, अधिकारी, प्रतिनिधी यांपैकी प्रत्येकाला काय कळायला हवं आणि काय कळता कामा नये याचा विचार या रचनेत केलेला दिसतो. रुमालाशी ताडून बघा: तिथेही गुप्तता आहे, पण ती नेमकी ज्याला कळायला हवं त्याच्यापासूनच आहे.

नवी मुंबईत, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, ‘यूआय/यूएक्स डिझायनर पाहिजे’ अशा जाहिराती सतत निघतात. दोन शब्दांमध्ये तिरकी रेघ, जणू एकाच कामाची दोन नावं. लहान कंपनीत दोन्ही कामं एकाच माणसाने करावी हे समजण्यासारखं आहे. पण दिवस मोजला तर जवळजवळ सगळा वेळ पडदे रंगवण्यात जातो, कारण पडदा दाखवता येतो, त्याची स्तुती होते, साहेबाला तो बैठकीत मांडता येतो. गाळ्यावर उभं राहून पाहिलेल्या गोष्टी मांडायला अवघड आणि त्यावर पैसा खर्च करवून घेणं त्याहून अवघड. शिकवणीवर्गही याच बाजूला झुकलेले असतात. नामांकित अ‍ॅपचे पडदे घेऊन ते नव्याने सजवायचे आणि पोर्टफोलिओत लावायचे, असा परिपाठ पडलेला आहे. यातून हात तयार होतो, हे खरं. नजर तयार होत नाही.

तुम्ही हे काम शिकत असाल, किंवा तुमच्या घरात कुणी शिकत असेल, तर माझी एक विनंती आहे. पुढचा सराव म्हणून कुठल्याही अ‍ॅपचा पडदा घेऊ नका. गावाकडच्या ओळखीतून शेतमालाची एक खरी पट्टी मिळवा, नाव-गाव झाकून. ज्याची ती आहे त्या शेतकऱ्याला फोन करा आणि विचारा की हा कागद हातात आल्यावर तुम्ही आधी काय बघता, काय समजत नाही, कशावर विश्वास बसत नाही. जमलं तर एका पहाटे तुर्भ्याच्या बाजारात जाऊन माल उतरण्यापासून दर लागेपर्यंत काय घडतं ते विचारून, कुणाच्या कामात न येता बघा. मग ती पट्टी नव्याने मांडा. जेकब नील्सन यांनी 2000 साली दाखवून दिलं की बहुतेक अडचणी उघड व्हायला पाच माणसांवरची चाचणी पुरते. तुमची पट्टी पाच जणांना वाचायला द्या, आणि त्या पाचांत निदान तीन शेतकरी असू द्या.